टॅबवर बोलणारा खजिनदार: सभेत थांबायचं कोणी?

गच्चीवरची

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्रच असते, आज लिहायला बसले कारण डोकं फिरलंय.

माझा धाकटा भाऊ एकतीस वर्षांचा आहे. जन्मापासून सीपी, म्हणजे सेरेब्रल पाल्सी. तो तोंडानं बोलतो, पण ते बोलणं आईला, मला आणि खालच्या इस्त्रीवाल्याला एवढ्यांनाच कळतं. बाकी जगाशी तो टॅबवर बोलतो. उजव्या अंगठ्यानं टाइप करायचं, टॅब ते वाचून दाखवतो. चार्जिंग संपलं की लॅमिनेट केलेला बाराखडीचा तक्ता. या सगळ्या प्रकाराला थेरपीवाले एएसी म्हणतात. बोलण्याला जोड किंवा पर्याय म्हणून जे जे वापरता येईल ते सगळं त्यात आलं. तो बी.कॉम. आहे, टॅली येतं, दोन दुकानांचे हिशेब घरी बसून करतो.

बाबा गेल्यावर फ्लॅट त्याच्या नावावर झाला आणि यंदा तो सोसायटीच्या कमिटीवर आला. बिनविरोध. (कमिटीवर यायला कोण मरतंय म्हणा. सात जागांना सहा अर्ज.) हिशेब येतात म्हणून खजिनदार. घरी पेढे वगैरे झाले.

आता पहिली मीटिंग ऐका. मी त्याला क्लबहाउसमध्ये सोडायला गेले आणि शेजारी बसून राहिले. विषय निघाला लिफ्टच्या एएमसीचा, म्हणजे वर्षभराच्या देखभालीच्या कंत्राटाचा. भावानं टाइप करायला घेतलं. चेअरमन काकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणायचंय याला?" मी म्हटलं, "लिहितोय, थांबा." काका थांबले. मी घड्याळ बघत होते, वीस सेकंदं थांबले असतील. मग "बरं, तोवर पाण्याच्या टाकीचं बघू" म्हणून पुढे गेले. टाकी किती वर्षांत धुतली नाही यावर जुंपलेली असताना टॅब मोठ्यानं बोलला: "एएमसी जास्त वाटते. अजून दोन कोटेशन मागवा."

क्षणभर शांतता. आणि मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या! "वा, वा, शाब्बास!" एक काकू तर डोळे पुसत होत्या. आणि गाडी परत टाकीवर. कोटेशन कोणी मागवलं नाही. सभेचे मिनिट्स (इतिवृत्त) आले त्यात त्याच्या मुद्द्याचा उल्लेखसुद्धा नाही. "खजिनदार उपस्थित" एवढंच.

मी संतापले. घरी आल्यावर त्याला म्हटलं, तू तिथल्या तिथे आक्षेप का नाही घेतलास? त्यानं टॅब माझ्यासमोर धरला. तयार बटणांची यादी मीच भरलेली, काही वर्षांपूर्वी. पाणी हवं, फॅन बंद कर, पाठ दुखतेय, थँक्यू, हॅपी बर्थडे, आजी कशी आहेस. चारशेच्या वर बटणं असतील. त्यात "मला मान्य नाही" नव्हतं. "माझं पूर्ण होऊ द्या" नव्हतं. सगळं मागण्याचं आणि आभाराचं. भांडायचं एकही नाही.

तर मंडळी, असं साधन वापरणाऱ्या माणसाला नुसतं खुर्चीवर बसवायचं नाही, खरोखर कारभार करू द्यायचा, तर नेमकं काय काय करावं लागतं? अनुभव सांगा. कौतुक नको, ते भरपूर झालंय.

---

वाचाकट्टा

नाशिकला स्पीच थेरपिस्ट आहे, बावीस वर्षं. तुमची शेवटची दोन वाक्यं वाचून मान खाली गेली, कारण मीही अशीच बटणं भरत आले.

यंत्रातले शब्द बहुतेक वेळा वापरणारा माणूस निवडत नाही. आई निवडते, बहीण निवडते, आमच्यासारखे निवडतात. आपल्याला त्याच्याकडून जे ऐकायचं असतं तेच आपण भरतो. लहानपणी "शू आली" महत्त्वाचं असतंच, पण मूल मोठं होतं आणि तक्ता तिथेच राहतो. चौदा वर्षांच्या मुलाच्या तक्त्यावर मी "छान छान" हे बटण पाहिलंय. शिवी एकही नव्हती.

आमच्या क्षेत्रात जॅनिस लाइट यांची १९८९ची एक मांडणी अजून शिकवतात. संवाद जमायला चार अंगं लागतात: भाषा येणं, साधन हाताळता येणं, माणसांत कसं वागायचं ते कळणं, आणि अडलं तर वाट काढता येणं. थेरपीत आमचा सगळा जोर पहिल्या दोनांवर. बटण कुठे आहे, ते दाबता येतं का. सभा चालवायला लागतात उरलेली दोन. मध्ये कसं पडायचं, विषय कसा वळवायचा, समोरच्यानं चुकीचं ऐकलं तर दुरुस्त कसं करायचं. हे क्लिनिकच्या खोलीत शिकवून येत नाही, कारण तिथे मी एकटीच असते आणि मी थांबते. चेअरमन काका थांबत नाहीत.

आज रात्री एक काम करा. भावाला विचारा की त्या मीटिंगमध्ये कुठली दहा वाक्यं पटकन हाताशी हवी होती. तुम्ही सुचवू नका. गप्प बसा आणि तो म्हणेल ती भरा.

---

डोंबिवलीकर_सेक्रेटरी

वाईटपणा घेतो. अकरा वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी आहे. भावाबद्दल आदर आहे, पण जमिनीवरचं बोलू या. आमची मीटिंग रात्री नऊला सुरू होते, साडेदहाला लोक जांभया देतात. एका माणसाच्या एका वाक्याला पाच मिनिटं लागली तर बाराला घरी जायचं का? नेतृत्व म्हणजे शेवटी चार लोकांना बोलून पटवणं. हिशेब त्याला द्या, उत्तम करेल. पण सभेत बोलायला त्याच्या वतीनं ताई आहेत की. त्यात कमीपणा काय?

आणि एक प्रश्न, राग मानू नका. टॅबमधून जे येतं ते त्याचंच हे बाकीच्यांनी कसं ओळखायचं?

---

मेल्बर्नी

सेक्रेटरीसाहेब, "बोलून पटवणं" हे वक्तृत्व स्पर्धेचं वर्णन झालं. आपल्याकडे पुढारी म्हटलं की माईक आलाच.

इकडची दोन-तीन उदाहरणं देतो. आयसॅक नावाची या विषयातली आंतरराष्ट्रीय संघटना आहे, १९८३ पासून. मेलबर्नच्या मेरेडिथ अ‍ॅलन २०१८ ते २०२० तिच्या अध्यक्ष होत्या आणि त्या स्वतः यंत्रावर टाइप करून बोलतात. अमेरिकेत बॉब विल्यम्स यांना क्लिंटन सरकारनं १९९३ मध्ये विकासात्मक अपंगत्वाच्या केंद्रीय विभागाचे आयुक्त नेमलं. तेही एएसीवाले. म्हणजे फायली, बजेट, अधिकाऱ्यांच्या बैठका, सगळं आलं. ब्रिटनमध्ये ली रिडली २०१८ साली 'ब्रिटन्स गॉट टॅलेंट' जिंकला, तो तर स्टँड-अप करतो. विनोदात टायमिंग हेच भांडवल, आणि हा माणूस यंत्राच्या आवाजात टायमिंग साधतो. सोसायटीची मीटिंग त्याहून अवघड नसावी.

फक्त कृपा करून कोणी यंत्रातून बोलणाऱ्या स्टीफन हॉकिंगचं उदाहरण टाकू नका. विश्वाचं कोडं सोडवणाऱ्यासाठीच लोक थांबणार असतील तर पाण्याच्या टाकीवर बोलणाऱ्यानं काय करायचं?

---

कीबोर्डवाला

हॉकिंग नको म्हटलं तरी टाकतो, तांत्रिक कारणासाठी. २००१च्या जानेवारीत ते मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या परिषदेला आले होते. त्यांची भाषणं अस्खलित वाटायची, कारण ती आधी लिहून साठवलेली असायची आणि ते एकेक वाक्य यंत्राकडे सोडत. प्रश्नोत्तरांत मात्र एका उत्तराला कित्येक मिनिटं जात. म्हणजे तयार बोलणं आणि ताजं बोलणं हे दोन वेगळे प्रकार आहेत. मीटिंगचं नियोजन करताना हे धरून चालायचं.

थोडं गणित. आपण गप्पा मारताना मिनिटाला साधारण दीडशे शब्द बोलतो. टाइप करून बोलणाऱ्याचे बहुतेकदा पंधराच्या आत. त्यात मराठीचं वेगळंच दुखणं. "सोसायटीच्या" हा एक शब्द घ्या: स, ओकार, स, काना, य, ट, वेलांटी, च, पाय मोडा, य, काना. अकरा ठोके! अंगठा थरथरत असेल तर त्यातले दोन चुकणार, म्हणजे खोडायचे वेगळे. शब्द सुचवणारा कीबोर्ड असला तर वाचतं, पण तो "सोसायटी"नंतर "सोसाट्याचा" सुचवतो.

अ‍ॅपचं म्हणाल तर आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागानं केलेलं जेलो आहे, फुकट आहे, मराठीत आहे. चित्रांवर चालतं, लहान मुलांना छान. चेन्नईत तयार झालेलं अवाझ आहे. भावासारख्या लिहिता येणाऱ्याला मात्र टाइप करून बोलणारं साधं अ‍ॅप आणि साठवलेल्या वाक्यांची स्वतःची यादी, एवढं पुरे. नजरेनं चालणारी यंत्रं लाखांत जातात, गरज नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

ताई, आवाज कुठला लावलाय?

---

गच्चीवरची

बाईचा. टॅबमध्ये मराठी म्हणून तोच मिळाला. सहा फुटी दाढीवाला खजिनदार आणि आवाज रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेचा. "कृपया लक्ष द्या" असं त्यानं एकदा मुद्दाम टाइप करून आईला घाबरवलं होतं.

सेक्रेटरीकाका, तो स्वतःच्या अंगठ्यानं टाइप करतो. त्याच्या हाताला कोणी हात लावत नाही.

---

वाचाकट्टा

सेक्रेटरींचा प्रश्न अपमानाचा नाही, रास्त आहे. दुसऱ्यानं हात किंवा कोपर धरून टाइप करवून घ्यायची एक पद्धत होती, अजूनही काही ठिकाणी चालते. त्यात शब्द धरणाऱ्याचे निघतात हे तपासण्यांतून वारंवार दिसलंय. अमेरिकेच्या स्पीच थेरपिस्टांच्या संघटनेनं २०१८ मध्ये ती वापरू नका असं स्पष्ट सांगितलं. म्हणून टॅबला स्टँड लावा, की-गार्ड लावा, म्हणजे अक्षरांवर भोकं असलेली प्लास्टिकची पट्टी, त्यानं अंगठा घसरत नाही. पण माणसाचा हात नको. इथे तसं काही नाही, तेव्हा विषय संपला.

आणि "त्याच्या वतीनं ताई" याबद्दल. ताईंनी बोलायला सुरुवात केली की महिन्याभरात लोक ताईंकडे बघून बोलायला लागतात. मग खजिनदार ताईच. घरोघरी पाहिलंय.

---

डोळस मास्तर

सातारा जिल्हा. मुख्याध्यापक होतो. चार वर्षं मोटर न्यूरॉनचा आजार, स्नायू निकामी होत जातात. आता फक्त डोळे हलतात. पारदर्शक पत्र्यावर अक्षरांचे गठ्ठे. मी बघतो, पत्नी पलीकडून वाचते. हे लिहायला पाऊण तास.

तीन गोष्टी.

एक. माझं वाक्य पूर्ण करू नका. तुम्ही निम्म्या वेळा चुकता. मग "नाही" सांगण्यात माझी अजून पाच मिनिटं.

दोन. निवृत्तीनंतर एका शिक्षणसंस्थेनं मला मानद सल्लागार केलं. चार वर्षांत एकदाही सल्ला विचारला नाही. फोटोत असतो.

तीन. हा धागा भावानं का लिहिला नाही?

---

गच्चीवरची

मास्तर, नमस्कार. तिसऱ्याला उत्तर नाही माझ्याकडे. खरं सांगायचं तर सुचलंच नाही. तो आतल्या खोलीत मॅच बघतोय.

---

नियमावली

वकील नाही, पण सहकार खात्याच्या फायली पाहिल्यात. दोन मुद्दे.

२०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा. त्यात 'संवाद' या शब्दाची व्याख्या आहे आणि ब्रेल, खाणाखुणांची भाषा यांच्या रांगेत संवादाच्या पूरक आणि पर्यायी पद्धती स्पष्ट लिहिल्या आहेत. म्हणजे टॅबवर बोलणं हे कायद्याच्या नजरेत बोलणंच. त्याच कायद्याचं कलम १३ सांगतं की अपंग व्यक्तीची कायदेशीर क्षमता इतरांच्या बरोबरीची. उद्या कोणी म्हणालं की "याच्या ऐवजी घरच्यांनी सही करावी", तर हे कलम पुढे ठेवा. कलम १७ मध्ये मुलांच्या शिक्षणात अशा पद्धतींना उत्तेजन द्या असं आहे, ते शाळावाल्यांनी वाचावं.

दुसरा मुद्दा साधा आहे आणि माझ्या मते जास्त कामाचा. वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस १४ दिवस आधी अजेंड्यासकट द्यावी लागते. बहुतेक लोक ती फ्रिजवर लावून विसरतात. टाइप करून बोलणाऱ्यासाठी हा १४ दिवसांचा वेळ म्हणजे सोनं आहे. कमिटीच्या मीटिंगचा अजेंडासुद्धा तीन-चार दिवस आधी लेखी मागा. "ऐन वेळचे विषय" हा जो प्रकार असतो ना, त्याचा सगळ्यात जास्त फटका अशा सदस्याला बसतो. निर्णयाचे विषय ऐन वेळी घ्यायचे नाहीत असा ठरावच करून घ्या. बाकीच्यांचंही भलं होईल.

अवांतर: तामिळनाडूनं २०२५ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत अपंग व्यक्तींना नामनिर्देशनानं घेण्याचा कायदा केला. आपल्याकडे २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग आहे, पण ग्रामपंचायतीच्या टेबलाशी अशी खुर्ची नाही.

---

रानमोडी

मुलगी सात वर्षांची, बोलत नाही, चित्रांचं अ‍ॅप वापरते. वरचं सगळं वाचून पोटात गोळा आला. आमच्याही टॅबवर भांडायचे शब्द नाहीत. "नको" आहे, तेही शेवटच्या पानावर, कारण ती सारखं तेच दाबायची म्हणून मी मागे टाकलं होतं. आत्ता उठून पहिल्या पानावर आणलं.

एक मजेशीर सांगते. तिच्या बाईंनी तिला आठवड्यासाठी मॉनिटर केलं. आमच्याकडे एक मोठं गोल बटण आहे, एकच वाक्य रेकॉर्ड होतं, दाबलं की वाजतं. तिच्या दादानं त्याच्या आवाजात भरून दिलं: "ए, गप्प बसा रे!" पहिल्या दिवशी तिनं ते एकशेसत्तर वेळा दाबलं म्हणे. बाईंनी मोजलं की वैतागून सांगितलं, माहीत नाही. दुसऱ्या दिवशी वर्गानं दाद देणं बंद केलं. तिसऱ्या दिवशी ती बटण हातात धरून नुसती उभी राहिली, आणि पोरं गप्प झाली. कारण आता वाजणार, हे त्यांना माहीत होतं.

नवरा म्हणतो, हिला पोलिसात घाला.

---

वाचाकट्टा

रानमोडी, हे मला व्याख्यानात सांगायची परवानगी द्या! बाईंनी बटण काढून घेतलं नाही हे फार मोठं काम केलं. आपण पहिल्या दिवशीच काढून घेतो, "त्रास देतेय" म्हणून. चुकीचा वापर करायची मुभा मिळाली म्हणून तिसऱ्या दिवशीचा वापर सापडला.

मोठ्यांच्या बाबतीत हे कोणी करत नाही. अपंग माणसाला पद दिलं की त्याचा पहिला निर्णय चुकता कामा नये अशी सगळ्यांची अपेक्षा. बाकीचे खजिनदार काय काय करून ठेवतात ते सेक्रेटरींना विचारा.

---

डोंबिवलीकर_सेक्रेटरी

माझ्या तोंडून वदवून घेऊ नका. एका खजिनदारानं सिंकिंग फंडाची, म्हणजे इमारतीसाठीच्या राखीव निधीची, एफडी मोडून गेटला कमान बांधली होती. आणि तो फर्डा वक्ता होता.

ऐन वेळच्या विषयांचा मुद्दा पटला. पण वेळेचं माझं म्हणणं कायम आहे.

---

मेल्बर्नी

मुंबईचं उदाहरण सांगायचं राहिलं. मालिनी चिब. त्यांच्या आई मिथू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली, आताचं नाव अ‍ॅडाप्ट. मालिनी झेवियर्समध्ये शिकल्या, लंडनला दोन मास्टर्स केली, लाइटरायटर नावाचं टाइप करून बोलायचं यंत्र वापरलं, मुंबईत ऑक्सफर्ड बुकस्टोअरमध्ये नोकरी केली. एका बोटानं टाइप करून २०१० मध्ये आत्मचरित्र काढलं. हे सगळं पेपरात येतं. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळं: त्यांनी अ‍ॅडाप्ट राइट्स ग्रुप उभा करून चालवला. आईच्या संस्थेत मुलगी 'लाभार्थी' म्हणून राहू शकली असती.

आणि ते लाइटरायटर ज्यानं बनवलं तो टोबी चर्चिल, इंग्रज इंजिनिअर. तरुणपणी मेंदूज्वरात वाचा गेली, बाजारात काही धड मिळेना, मग १९७३ मध्ये स्वतःच यंत्र केलं आणि त्याची कंपनी काढली. वापरणारा आणि मालक एकच.

---

गच्चीवरची

अपडेट. दहा वाक्यांचं विचारलं. तासभर लागला, मध्ये चहा. त्यानं सांगितलेली अशी:

थांबा, लिहितोय.
हा विषय बंद करू नका.
मला मान्य नाही.
आकडा चुकलाय.
बिल दाखवा.
माझा मुद्दा मिनिट्समध्ये घ्या.
माझ्याकडे बघून बोला.
मत बदललं.
मतदान घ्या.
ताई, तू बाहेर थांब.

शेवटचं वाचून मी हसले. मग जरा वेळानं हसू गेलं.

"थांबा, लिहितोय"च्या आधी त्यानं सायकलच्या घंटीचा आवाज लावून घेतलाय. ट्रिंग ट्रिंग.

चेअरमन काकांना तो स्वतः भेटला, मी लिफ्टपर्यंतच गेले. अजेंडा तीन दिवस आधी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचं काकांनी कबूल केलं. घंटी वाजली की विषय पुढे न्यायचा नाही, हेही. काका वाईट नाहीत हो. त्यांना शांतता सहन होत नाही, एवढंच. कोणी गप्प बसलं की ते विषय काढतात, लग्नातसुद्धा.

---

डोळस मास्तर

"मत बदललं" उत्तम. ते माझ्याही पत्र्यावर नव्हतं. आम्ही इतक्या कष्टानं एक वाक्य काढतो की लोक ते दगडावरची रेघ समजतात.

---

कीबोर्डवाला

ताई, ही दहा पहिल्या पानावर, अंगठ्याच्या बाजूला ठेवा. आणि ब्लूटूथ स्पीकर न्या. टॅबचा स्पीकर खोलीत ऐकू येतो, क्लबहाउसच्या पंख्याखाली नाही. कित्येक सभांत माणूस "बोलत" असतो आणि कोणाच्या कानावरच पडत नाही.

---

गच्चीवरची

काल सर्वसाधारण सभा झाली. (३० सप्टेंबरच्या आत उरकायची असते, आमची २८ला.) मी मागच्या रांगेत, तोंडाला कुलूप.

हिशेबपत्रकाचं निवेदन त्यानं आधी लिहून ठेवलं होतं, एकेक वाक्य सोडत गेला. सात मिनिटं. कोणी मध्ये बोललं नाही, कदाचित रेल्वेबाईंच्या आवाजामुळे सवयीनं ऐकत असतील. मग बी विंगच्या एकांनी थकबाकीवर प्रश्न टाकला, जरा चढ्या आवाजात. घंटी. ट्रिंग ट्रिंग. "थांबा, लिहितोय." आणि सभा थांबली. मी मोजलं, दोन मिनिटं दहा सेकंद. सत्तर माणसं आणि पंख्याची घरघर. चेअरमन काका चुळबुळले, खिशातून रुमाल काढला, परत ठेवला. बोलले नाहीत.

टॅब म्हणाला: "थकबाकीत तुमचेच अकरा महिने आहेत. बिल दाखवू?"

या वेळी टाळ्या नाही वाजल्या. हशा पिकला आणि ते गृहस्थ खाली बसले. माझ्या मते जरा लागट झालं. घरी येताना त्याला तसं म्हटलंही. त्यानं "मला मान्य नाही" दाबलं.

मास्तर, तुमचा तिसरा प्रश्न आज त्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, लिंक दे.

---

तिसरा_मजला

नवीन आयडी. मी तो भाऊ. धागा वाचला. ताईच्या दोन चुका.

एक. एएमसी लिफ्टची नव्हती. जनरेटरची होती.

दोन. टाळ्या वाजल्या तेव्हा मला राग आला नाही. ताईला आला. मी पुढचं वाक्य लिहीत होतो.

बी विंगबद्दल ताईचं बरोबर आहे. मत बदललं. नाव न घेता सांगता आलं असतं. आज त्यांना भेटतोय.

डोंबिवलीकर, वेळेचं तुमचं पटतं. मलाही साडेदहाला झोप येते. पुढच्या मीटिंगपासून प्रत्येकाचे मुद्दे आधी लेखी. फक्त माझे नाही. बोलणाऱ्यांचेही. चेअरमन विचार करतायत.

मास्तर, तुमच्या संस्थेचा ताळेबंद मागवा. सल्लागाराला मिळायला हवा. वाचायला मदत लागली तर सांगा.

डोंबिवलीकर, अजून एक. तुमच्याकडे जनरेटर किती केव्हीएचा? एएमसी वर्षाला किती देता? त्यात फिल्टर आणि ऑइल धरून का?

---

डोंबिवलीकर_सेक्रेटरी

६२.५ केव्हीए. ऑइल धरून, फिल्टर वेगळे. रक्कम आणि कंत्राटदाराचा नंबर व्यनित (खाजगी निरोपात) टाकतो, इथे नको. बॅटरीचं कलम नीट वाचून घ्या, आम्हाला तिथेच फसवलं होतं.